लाइट गेली की करू

आमच्या जिल्ह्यात कुठलीही गोष्ट बंद पडायला परवानगी लागत नाही. बंद करायला लागते, आणि ती मिळत नाही.

मे महिन्यात यवतमाळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर टेकला की भर दुपारी लाइट जाते. कुलर फडफडून थांबतो, कुणीतरी "गेली" म्हणतं, दुसरा "हाव, गेली" म्हणून अनुमोदन देतो आणि विषय संपतो. नळाचंही तेच. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांच्या पाण्याने शहराला जे दिवस दाखवले ते आठवले तर अजून घसा कोरडा पडतो. पण तेव्हाही लोकांनी ड्रम, टाक्या आणि टँकरवाल्याचा मोबाइल नंबर यांच्या जोरावर लग्नंसुद्धा पार पाडली. आपोआप बंद पडलेल्या गोष्टीवर यवतमाळकर रागावत नाही. ते दैवाचं खातं आहे. पण तुम्ही हातात कागद घेऊन जा आणि म्हणा, "साहेब, पंधरा मिनिटं बंद करायचं आहे, आपण सोयीची वेळ सांगावी." तोच शांत माणूस खुर्चीत ताठ बसतो. कालपर्यंत त्याला स्वतःलाही ठाऊक नसलेली तातडीची कामं त्याला त्याच क्षणी आठवतात.

हे ज्ञान मला एका स्विचने दिलं. इथे स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. इमारतीतले सगळे संगणक ज्याच्यात वायरी खुपसून एकमेकांशी बोलतात तो लोखंडी डबा. मी पेशाने ग्रंथपाल. आमच्या संस्थेत पहिला संगणक ग्रंथालयात आला आणि त्याच्यावर रोज संध्याकाळी प्लास्टिकचं आवरण घालायचं काम माझ्याकडे होतं. एवढ्या अनुभवाच्या बळावर पुढे सबंध नेटवर्कचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. संस्थेचं नाव सांगत नाही. यवतमाळात अशा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीला ती आपलीच गोष्ट वाटेल.

आमच्याकडे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तोंडांचे दोन स्विच होते, एकावर एक बसवलेले. अशा चळतीला या धंद्यात स्टॅक म्हणतात. सिस्को कंपनीने २००३ साली कॅटलिस्ट ३७५० नावाचे स्विच काढले, त्यांच्याबरोबर ही स्टॅकवाइजची युक्ती आली. पाठीमागून जाड केबली जोडायच्या, की नऊपर्यंत स्विच मिळून एकच स्विच असल्यासारखे वागतात. पत्ता एक, हिशेब एक, आणि त्यांच्यातलाच एक जण प्रमुख. बाकीचे त्याचं ऐकतात. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत एकमताने वागणारी एवढी एकच समिती मी पाहिली आहे.

दोन स्विचची मिळून शहाण्णव तोंडं होतात. ती कुठे गेली हे कुणालाच सांगता येईना. काही संगणकांना गेली, काही कॅमेऱ्यांना, काही हजेरीच्या अंगठा-यंत्रांना. एक वायर तर एका बंद खोलीच्या भिंतीत शिरते आणि पुढे काय करते हे तिलाच ठाऊक. तोंडं संपल्यावर लोक थांबले असं नाही. त्यांनी दत्त चौकाच्या बाजूने जाताना पाच तोंडांचे स्वस्त प्लास्टिकचे डबे विकत आणले आणि टेबलाखाली सुतळीने बांधले. एका डब्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असा संसार वाढला. मग एके दिवशी एका विभागात साफसफाई झाली. वायरीचं एक सुटं टोक लोंबकळत होतं. ते बरं दिसत नाही म्हणून कुणीतरी ते त्याच डब्याच्या रिकाम्या तोंडात नीट बसवून दिलं. वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात. झालं, निरोप गोल गोल फिरायला लागले, वाढायला लागले, आणि दहा सेकंदांत तीन मजले ठप्प.

या असल्या चक्रावरचा उपाय रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी १९८५ साली, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये नोकरी करताना शोधून ठेवलेला आहे. स्विचनी आपसात बोलून जादा वाटा स्वतःहून बंद कराव्यात, अशी ती युक्ती. बाई अशा की त्यांनी तिच्यावर कविताही करून ठेवली. आमच्या टेबलाखालच्या डब्यांना मात्र ना युक्ती कळत, ना कविता.

तेव्हा तिसरा स्विच घ्यायचं ठरलं. खरेदीची कहाणी सांगत बसत नाही. पोर्टल, तुलनात्मक तक्ता, फेरनिविदा हे शब्द वाचूनच ज्यांना धाप लागते त्यांना ती ठाऊक आहे. इतरांना ठाऊक नसलेलीच बरी. स्विच आला आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली भांडारात राहिला, एवढं पुरे. तो खालून बाहेर निघाला तेव्हा प्रश्न आला की जोडायचा केव्हा. मी पंधरा मिनिटांच्या परवानगीचा कागद घेऊन निघालो.

लेखा विभागाने सांगितलं, मार्च एंड चालू आहे. बाहेर आंबे निम्मे संपले होते, पण आमच्याकडे मार्च जूनपर्यंत पुरवून वापरतात. आस्थापनेत सेवार्थवर पगारबिल चढत होतं. पगाराला हात लावणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते मी त्या खोलीत पाहिलं. शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "महाडीबीटी आत्ता कुठं उघडलंय जी, तुम्ही पुन्हा बंद करता?" परीक्षा विभागात प्रश्नपत्रिका ऑनलाइन येतात. तिथले प्रमुख चष्मा काढून म्हणाले, "पेपर फुटला तर जबाबदार कोण?" स्विच बदलल्याने पेपर कसा फुटेल, हे मी विचारलं नाही. ते विचारण्याचा चेहरा नव्हता त्यांचा. रविवारी करावं तर रविवारी इमारत कुठल्याशा स्पर्धा परीक्षेला दिलेली. रात्री करावं तर किल्ली चौकीदाराच्या उशाशी, आणि उशी त्याच्या डोक्याखाली.

शेवटी फाइल वरून फिरून आली. वर शेरा होता: काम निकडीचे आहे, मात्र सेवा कोणत्याही प्रकारे खंडित न होऊ देता करावे. खाली सही. सहीखाली शिक्का.

काम करायला जो पोरगा आला तो पुसदकडचा. १९८३ पासून पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथेच शिकलेला, आता चार-पाच तालुक्यांत हीच कामं करत हिंडणारा. त्याने शेरा वाचला, परत वाचला आणि हसला.

"सर, लाइट जाते तं कोनी काही बोलत नाही. मी पंधरा मिनिटं मांगतो तं साऱ्यायचा जीव जाते."

"मग काय करायचं?"

"मुंबईच्या ब्यांकायमधी रातच्या दोन वाजता करतात हे काम. आपल्याकडे लाइट गेली की करू."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. इतकी साधी गोष्ट एवढ्या समित्यांना कशी सुचली नाही? त्याचा हिशेब असा. स्विचच्या कपाटाला मोठा यूपीएस आहे, म्हणजे लाइट गेली तरी स्विच चालू राहतात. टेबलांवरच्या यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र केव्हाच मेलेल्या, म्हणजे लाइट गेली की सगळे संगणक एकदम काळे. नेटवर्क चालू आणि वापरणारे टपरीवर. अशा वेळी एखादी केबल चुकीची ओढली गेली तरी कुणाच्या चहाला धक्का लागणार नाही, आणि शेऱ्याचंही उल्लंघन नाही. खंड आम्ही पाडलेला नाही, तो आधीच पडलेला आहे.

योगायोगाने त्याच आठवड्यात पेपरात सूचना आली, मान्सूनपूर्व देखभालीसाठी मंगळवारी सकाळपासून दुपारपर्यंत आमच्या भागाचा वीजपुरवठा बंद राहील. मी ती कापून कपाटावर चिकटवली. मंगळवारी पोरगा पहिल्या एस.टी.ने आला. आम्ही नवा स्विच पुसला, केबली सोडवून ठेवल्या आणि छताच्या पंख्याकडे बघत बसलो. पंखा थांबेना. इतका सुरेख दाब, इतका पांढराशुभ्र उजेड मी त्या ट्यूबलाइटचा कधी पाहिला नव्हता. बारा वाजले, एक वाजला. चौकशी केली तेव्हा कळलं की आज दुसऱ्या फीडरचं काम घेतलं आहे. बुधवारीही लाइट गेली नाही. गुरुवारीही नाही. गावात लोक वीजवाल्यांचं कौतुक करायला लागले. आम्ही दोघंच असे होतो की ज्यांना यवतमाळात लाइट जात नाही याचं दुःख होतं.

तेव्हा ठरलं की चालूतच करायचं. आता ते कसं करतात ते सांगतो. यात खरी गंमत आहे, आणि या विषयावर मराठीत फारसं कुणी सांगत नाही.

साधा माणूस काय करील? नवा स्विच खोक्यातून काढील, जुन्यांच्या खाली बसवील, चालतो ना हे बघायला आधी बटण दाबील, हिरवे दिवे लागले की समाधानाने मागची केबल जोडील. अगदी सरळ, प्रामाणिक क्रम. नेमकं हेच करायचं नाही. मी बटणाकडे हात नेला तसा पोरगा ओरडला, "अजून चालू करू नोका थो!"

कारण असं की चालू असलेला एकटा स्विच स्वतःला प्रमुखच समजत असतो. तसाच्या तसा तो जुन्या चळतीला जोडला की एका घरात दोन प्रमुख होतात, आणि मग तिथल्या तिथे निवडणूक लागते. प्रत्येक स्विचला एक ते पंधरा यांपैकी प्राधान्याचा एक आकडा देता येतो. मोठा आकडा जिंकतो. हा आकडा कुणी मुद्दाम बदलला नसेल तर सगळ्यांचा एकच असतो. बरोबरी झाली तर ज्याचा कारखान्यातून आलेला मॅक क्रमांक लहान, तो प्रमुख. साधारणपणे आधी बनलेल्याचा क्रमांक लहान असतो. म्हणजे लायकी सारखी असेल तर सगळ्यांत जुना तो साहेब. कॅलिफोर्नियात बसून हे ठरवणाऱ्या अभियंत्यांना आमची सेवाज्येष्ठता यादी कुणी दाखवली, याची एकदा चौकशी व्हायला हवी.

इथवर ठीक. पण या निवडणुकीत जो हरतो तो घरी जात नाही, तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि उठल्यावर जिंकलेल्याच्या नियमांप्रमाणे वागायला लागतो. नव्या स्विचला दुकानात कुणी चाचणीसाठी पंधरा आकडा देऊन ठेवला असेल तर? मग नवा जिंकतो, जुने दोघे झोपतात, आणि उठतात ते कोरी पाटी घेऊन. नव्याकडे नियमच नसतात. कुठला विभाग कुठल्या वाटेने जायचा, परीक्षेचे संगणक वेगळे, कॅमेरे वेगळे, वर्षानुवर्षं बसवलेली सगळी घडी एका बटणाने साफ. आमच्या जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतल्या पतसंस्थांमध्येही सत्तांतर इतक्या झटक्यात होत नाही.

म्हणून नवा स्विच आधी बंद ठेवायचा, बंदच जोडायचा आणि मग सुरू करायचा. झोपलेला उमेदवार निवडणुकीला उभा राहत नाही. तो उठतो तेव्हा घरात प्रमुख ठरलेला असतो, बाकीचे कामात असतात. तो आपला क्रमांक विचारतो. एक आणि दोन गेलेले असतात, त्याला तीन मिळतो. त्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर वेगळ्या आवृत्तीचं असेल आणि तशी सोय आधी चालू करून ठेवलेली असेल, तर तो प्रमुखाकडचं उतरवून घेतो, पुन्हा एकदा झोपून उठतो आणि रांगेत उभा राहतो. परवान्याची पातळी मात्र आधीच जुळवून घ्यावी लागते. त्या बाबतीत स्विचही शासनासारखेच कडक. आणि त्याचा प्राधान्याचा आकडा मोठा असला तरी तो बसलेल्याला उठवत नाही. वाट बघतो. कधी यूपीएस संपून सगळेच एकदम आडवे झाले तर उठल्यावरचा प्रमुख मात्र तोच. म्हणून पोरग्याने जोडण्याआधीच जुन्या प्रमुखाला पंधरा देऊन टाकले.

चालत्या मांडवात माणसं बदलण्याचा अनुभव यवतमाळला नवा नाही, म्हणा. जानेवारी २०१९ मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं बोलावणं गेलं होतं, ते मागे घेतलं गेलं. त्यावरून जे रामायण झालं त्यात साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला आणि संमेलनाच्या तोंडावर विद्या देवधर यांनी त्यांच्या जागी सूत्रं घेतली. ठरलेल्या तारखेला मांडव उघडला, अरुणा ढेरे अध्यक्षपदी होत्या, आणि उद्घाटन आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको व्यासपीठावर उभी राहून बोलली आणि मांडवभर लेखकमंडळी खाली बघत होती. बोलावून नको म्हणणं हा अपराधच होता, त्याला मी माफी देणार नाही. पण जी उद्घाटक मिळाली तिच्यासाठी मला या गावाचा अजून अभिमान वाटतो. तर प्रमुख बदलला, पाहुणे बदलले, कार्यक्रम मात्र एक दिवसही पुढे गेला नाही. नेटवर्कवाले यालाच शून्य खंड म्हणतात. आतल्या आत काय काय तुटलं ते त्यांच्या मोजमापात येत नाही.

मागच्या केबलींचीही एक रीत असते. त्या कड्यासारख्या जोडतात. दोन स्विच असले तर दोन केबली, एक जायची आणि एक यायची. कडं पूर्ण असेल तर त्यातली एक केबल काढली तरी दुसरीवरून काम चालू राहतं. वेग निम्मा होतो, पण कुणाला कळत नाही. त्या मोकळ्या झालेल्या जागी नवा बसवायचा, दुसऱ्या बाजूने केबल लावून कडं पुन्हा बंद करायचं. एका वेळी एकच केबल काढायची. दोन काढल्या की चळत दुभंगते, दोन्ही तुकड्यांत आपापला प्रमुख उभा राहतो, दोघांचा पत्ता एकच असतो, आणि मग कुणाचं पत्र कुणाकडे जाईल याचा भरवसा नाही.

पण हे सगळं कडं खरोखर पूर्ण असेल तर. पोरग्याने केबलीला हात लावण्याआधी लॅपटॉपवर "शो स्विच स्टॅक-पोर्ट्स समरी" असं टाइप केलं. चार ओळी आल्या. दोन ओळींत ओके. दोन ओळींत डाऊन.

"बाप्पा!" तो म्हणाला.

केबल जागच्या जागी दिसत होती. तिच्या दोन्ही बाजूंना छोटे स्क्रू असतात; त्यातला एक कुणीतरी अर्धाच पिळून सोडला होता, त्यामुळे ती केसभर बाहेर होती. कधीपासून? तिच्यावरची धूळ बघून वाटलं, बऱ्याच प्राचार्यांपासून. म्हणजे आमचं नेटवर्क इतकी वर्षं निम्म्या जोरावर चालत होतं आणि सगळे जण त्यालाच पूर्ण समजून चालले होते. ओळी न बघता पोरग्याने चांगली केबल ओढली असती तर त्या दिवशी पेपरही फुटला असता आणि पगारही. त्याने स्क्रू पिळला. चारही ओळींत ओके आलं. निवडणूक नाही, आरडाओरड नाही.

कडं नसलेल्या वाटेचं काय होतं ते यवतमाळने जवळून पाहिलं आहे. आमची शकुंतला मूर्तिजापूर ते यवतमाळ, एकशे तेरा किलोमीटर, एकेरी अरुंद रूळ. कापूस नेण्यासाठी घातलेली, किलिक निक्सनवाल्यांची. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ च्या एप्रिलपर्यंत ओढत होतं. एक रूळ, एक गाडी; मध्ये गाय बसली की वेळापत्रक बसलं. तरी ती चालू होती. मग ती ब्रॉडगेज करायची म्हणून बंद झाली, आणि चांगलं करण्यासाठी बंद केलेल्या गोष्टींचं जे होतं ते तिचं झालं. इकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड या दोनशे चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या नव्या मार्गावरच्या वर्धा-कळंब गाडीला २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळच्या कार्यक्रमातून हिरवा झेंडा दाखवला. झेंडा यवतमाळात, गाडी कळंबला. तेव्हा आमचे लोक "पंधरा मिनिटं बंद" म्हटल्यावर दचकतात, त्याचं कारण मला शकुंतलेकडे बघून कळतं. ते काही सगळेच आळशी नाहीत. एकदा बंद केलेलं पुन्हा सुरू होतं, हे त्यांनी फारसं पाहिलेलं नाही.

आता जागा. कपाटात दुसऱ्या स्विचच्या खालच्या फळीवर कळंबच्या चिंतामणीचा फोटो होता, शेजारी उदबत्तीचं घर. माझ्याआधी ज्यांच्याकडे कार्यभार होता त्यांनी ठेवलेला. नवा स्विच तिथेच बसणार होता, नाहीतर सोबत आलेली अर्ध्या मीटरची केबल पुरत नव्हती. शिपाईकाका म्हणाले, हात पाय धुतल्याशिवाय फोटो हलवायचा नाही. हात पाय धुवायला पाणी नव्हतं. शेवटी माझ्या बाटलीतल्या पाण्याने काकांनी हात धुतले आणि चिंतामणी दोन फळ्या वर, सगळ्या स्विचच्या डोक्यावर गेले. त्या कपाटात प्राधान्याचा आकडा न बघता प्रमुखपद मिळालेले ते एकटेच.

बंद स्विच बसला. एक केबल निघाली. लॅपटॉपवर पोरग्याने सारखी चालू ठेवलेली पिंगची, म्हणजे निरोप पाठवून उत्तर येतं का ते बघण्याची, खिडकी होती, तिच्यात एकही ओळ चुकली नाही. तिचं टोक नव्याला लागलं. दुसरी केबल लागली. सगळे स्क्रू शेवटपर्यंत. मग बटण. पंखे घोंगावले, दिवे पिवळे झाले, आणि नवा स्विच उठायला जी सहा-सात मिनिटं घेतो ती सुरू झाली. त्या मिनिटांत काकांनी बाहेर जाऊन एवढंच सांगितलं की आत काम चालू आहे. लगेच तीन विभागांतून फोन आले, नेट गेलं म्हणून. नेट गेलेलं नव्हतं. लेखा विभागातले एक जण स्वतः येऊन म्हणाले की त्यांचं स्लो झालं आहे. त्यांच्या संगणकाची वायर तर अजून टेबलाखालच्या डब्यात होती आणि डबा बंद होता, कारण त्याचा प्लग काढून तिथे मोबाइल लावला होता.

पडद्यावर तिसऱ्या ओळीपुढे रेडी आलं. पोरग्याने पिंगच्या ओळींची छापील प्रत काढली, एकही निरोप हरवला नाही याची, आणि घाईघाईने बसस्टँडकडे गेला. तो आर्णी रोडला लागला असेल नसेल, तोच लाइट गेली. पावणेदोन तास. सगळे शांतपणे चहाला गेले.

त्याचं बिल मी दुसऱ्या दिवशी पाठवलं. ते आक्षेपासह परत आलं आहे. लेखा विभागाचं म्हणणं असं की सदर दिवशी सेवा खंडित झाल्याची नोंद कोठेही आढळत नाही, सबब काम प्रत्यक्षात झाले किंवा कसे, याचा दाखला जोडावा. मी शेरा दाखवला, ज्यात खंड पाडू नये असं लिहिलं आहे. ते म्हणाले, तो शेरा काम कसं करावं याबद्दल आहे, केलं याबद्दल नाही. पिंगची छापील प्रत दाखवली. ती बघून त्यांनी विचारलं की यात काही झाल्याचं कुठं लिहिलं आहे.

पोरग्याचे पैसे अडकले आहेत आणि त्याचा फोन दर सोमवारी येतो. काहीही झालं नाही, आणि म्हणूनच काम झालं, अशा अर्थाचा दाखला कुठल्या नमुन्यात लिहितात हे वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर कृपया मला कळवावं. नमुना मराठीत आणि शिक्क्याला जागा सोडलेला असावा.